शाळेची कम्प्युटर लॅब संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं पलूस तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. म्हणजे मोटरमधली जळालेली तार काढून नवी गुंडाळायची, आमच्याकडं त्याला मोटर भरणं म्हणतात. सध्या आठवी-नववी-दहावीच्या मुलांच्या घरी ऑनलाईन कोर्सवाल्यांचे फोन सारखे चालू आहेत, कोण म्हणतं कोडिंग शिकवा, कोण म्हणतं एआय शिकवा नाहीतर मुलगा मागं पडेल, आणि आईबाप घाबरून पैसे भरतात. मी पण भरले. पण हे पत्र नुसतं तक्रारीचं नाही, कारण त्याच ऑनलाईन शिक्षणाचा पुढं माझ्या मुलीला आणि खरं सांगायचं तर माझ्या दुकानालासुद्धा इतका उपयोग झाला की तो चार लोकांना कळला पाहिजे असं मनापासून वाटतं, आणि त्यावरून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांकडं माझी एक मागणी पण आहे.

आधी पैशाचं सांगून टाकतो. मुलगी आठवीत असताना शाळेत एका कंपनीची स्कॉलरशिप टेस्ट झाली, फुकट होती म्हणून वर्गातल्या सगळ्यांनी दिली. चार दिवसांनी फोन आला, तुमची मुलगी टॉपमध्ये आलीय, तिला सवलतीत ॲडमिशन मिळतंय. रविवारी दोन माणसं घरी आली, मिसेसनं चहा केला. त्यांनी मुलीला तिथंच चार गणितं घातली, दोन आली नाहीत, तर माझ्याकडं बघून म्हणाले, सर, बेस कच्चा आहे, आत्ता लक्ष दिलं नाही तर अकरावीला लई जड जाईल. ह्यावर बापानं काय बोलायचं. तीन वर्षांचा कोर्स, सोबत टॅब, ५४ हजार रुपये, महिना २,२५० चे २४ हप्ते. मला वाटलं मी कोर्सच्या फॉर्मवर सही करतोय, प्रत्यक्षात ते एका फायनान्सचं कर्ज होतं आणि बँकेतून हप्ता आपोआप कापायची परवानगी पण त्याच कागदात होती. व्हिडिओ सगळे इंग्लिश-हिंदी मिक्स, धड्यांचा क्रम सीबीएसईचा, आमची मुलगी सेमी इंग्लिशला आणि पुस्तक बालभारतीचं. शाळेत एक चालू, टॅबवर दुसरंच. दोन महिन्यांत तिनं टॅब उघडायचा बंद केला. रद्द करा म्हणून फोन केला तर मुदत संपली होती. हप्ते मात्र चोवीसच्या चोवीस गेले, पावसाळ्यात दुकानात काम नसतं तेव्हा त्या २,२५० साठी मी उसनवारी केलीय.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्येच अशा कंपन्यांबद्दल पालकांना सावध करणारी सूचना काढली होती, की ऑटो डेबिट टाळा, अटी बारकाईनं वाचा, फुकट म्हणून सांगतात ते नक्की काय आहे ते बघा. मला ही गोष्ट पैसे गेल्यावर कळली. ती सूचना मराठीत करून प्रत्येक शाळेच्या नोटीस बोर्डावर लावायला किती खर्च येणार आहे? आणि बाहेरच्या कंपनीला टेस्टसाठी वर्ग द्यायच्या आधी शाळेनं पालकसभेत एकदा विचारावं, एवढं तर हक्कानं मागू शकतो.

असो. आता खरा विषय.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात विद्युतधारेचे परिणाम म्हणून धडा आहे, त्यात मोटरची आकृती आहे. दोन बाजूला चुंबक, मधे तारेची एक चौकोनी क्वाईल, खाली दोन अर्ध्या रिंगा आणि त्यांना टेकलेले कार्बनचे ब्रश. मुलगी गेल्या वर्षी सुट्टीतच तो धडा वाचत होती आणि मला जेवणाचा डबा द्यायला दुकानात आली. समोर ५ एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पाण्याची मोटर, उघडून ठेवलेली, स्टेटर म्हणजे तारेचा न फिरणारा भाग एका बाजूला, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग एका बाजूला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, पप्पा, ह्यात ब्रश कुठायत? मी म्हटलं ह्याला ब्रश नसतात. तर म्हणे मग आतल्या रोटरला करंट कुठनं जातो? रोटरला तर एक पण वायर जोडलेली नाही.

साहेब, मी हजारो मोटरी भरल्यात. स्लॉट म्हणजे तार बसायच्या खाचा मोजायच्या, जुनी तार किती गेजची म्हणजे किती जाडीची ती मायक्रोमीटरनं बघायची, टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तसंच्या तसं भरायचं, वार्निश द्यायचं, वाळवायचं, मेगर लावून करंट बाहेर गळत नाही ना ते बघायचं आणि चालू करून द्यायची. दोन पोलची (पोल म्हणजे चुंबकाची टोकं) मोटर मिनिटाला २८८० वेळा फिरते, चार पोलची १४४०, हे तोंडपाठ. पण मुलीला समजेल असं मला सांगता आलं नाही. मिक्सरची मोटर उघडून ब्रश आणि कॉम्युटेटर, म्हणजे पुस्तकातल्या त्या अर्ध्या रिंगांच्या जागचा भाग, दाखवला, तो तिच्या पुस्तकातल्या चित्राशी जरा तरी जुळला, पण पाण्याच्या मोटरचं कोडं तसंच राहिलं.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा डिप्लोमाला आहे, तो रविवारी आला होता. त्यानं तिला मोबाईलवर फेट नावाची साईट उघडून दिली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची आहे, २००२ साली कार्ल वायमन नावाच्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं सुरू केलेली, एक रुपया पडत नाही आणि बरेचसे प्रयोग मराठीत पण आहेत. त्यात एक चुंबक असतो आणि एक तारेची क्वाईल, त्या क्वाईलला बल्ब जोडलेला. चुंबक बोटानं सरकवला की बल्ब लागतो, चुंबक थांबवला की विझतो, भराभर हलवला की जास्त उजेड. क्वाईलला बॅटरी नाही, काही नाही. मुलगी दहा मिनिटं तेच करत बसली आणि मग एकदम म्हणाली, म्हणजे रोटरमधला करंट बाहेरनं येतच नाही, आतच तयार होतो! मग दादानं तिला हिशेब दाखवला, आपली लाईट ५० हर्ट्झ, १२० गुणिले ५० भागिले दोन पोल, म्हणजे स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३,००० वेळा फिरतं, आणि रोटर त्याच्या थोडा मागं राहतो म्हणून २८८०. तो मागं राहिला नाही तर त्याच्यात करंट तयारच होणार नाही, मग तो फिरणार कसा. बावीस वर्षं नेमप्लेटवर वाचलेला आकडा त्या दिवशी मला माझ्या मुलीनं समजावून सांगितला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दात सांगता येत नाही.

ह्यात ५४ हजारांचा टॅब कुठंच नव्हता. पण नुसता मोबाईल असून पण हे झालं नसतं, उघडलेली मोटर समोर होती, प्रश्न तिचा स्वतःचा होता आणि शेजारी दादा बसलेला होता. ऑनलाईन शिक्षणाला ह्या तीन गोष्टींची जोड लागते असं माझं अनुभवाचं मत आहे.

त्यानंतर तिला त्यानं आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल दाखवलं. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, दहा-दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ, लिनक्स, लिब्रे ऑफिस, पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा, अर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आणि बऱ्याच व्हिडिओंचा आवाज चक्क मराठीत. पद्धत अशी की स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर, बघायचं, थांबवायचं, स्वतः करायचं. नुसतं बघत बसलं तर काही येत नाही, हात चालवावाच लागतो. मला ही रीत फार आवडली कारण आमच्या धंद्यात पण पोरगं असंच शिकतं, उस्तादाच्या शेजारी बसून.

तिनं लिब्रे ऑफिसचं कॅल्क, म्हणजे रकान्यांत आकडे भरून हिशेब करायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं आणि सरावाला काय पाहिजे म्हणून माझी डायरी मागितली. दुकानात आलेल्या प्रत्येक मोटरची मी नोंद ठेवतो, तारीख, गावाचं नाव, किती एचपी, स्लॉट किती, गेज, टर्न, आणि शेवटी जळायचं कारण. सात डायऱ्या आहेत, तेलाचे डाग पडलेल्या. ती दिवाळीच्या सुट्टीत रोज दोन तास बसून भरत होती, माझं अक्षर लागलं नाही की दुकानात फोन करायची. सगळं भरून झाल्यावर तिनं कारणाचा कॉलम लावला आणि मला बोलावलं. निम्म्याच्या आसपास मोटरी एकाच कारणानं जळालेल्या, लाईटच्या तीन फेजपैकी, म्हणजे तीन वायरींपैकी, एक गेला आणि मोटर तशीच चालू राहिली. आणि त्यातल्या जास्त मार्च ते मे. मला हे अंदाजानं माहीत होतं, पण डोळ्यापुढं आकड्यात कधी आलं नव्हतं. आता मी भरलेली मोटर देताना प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो की बाबा, स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारी डबी, बसव आणि तो काढून डायरेक्ट करू नको, तुझे मोटर भरायचे हजारो रुपये वाचतील. तिनं ती चार ओळींची चिठ्ठी टाईप करून दिलीय, ती मी बिलासोबत देतो.

आता ह्याला शिक्षण म्हणायचं का करिअर म्हणायचं? मला तर दोन्ही एकच दिसतं. पण दहावीच्या पोरांना करिअर म्हणून सांगितलं काय जातं तर जेईई, नीट नाहीतर एमपीएससी. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, ज्याला झेपतंय त्यानं जरूर करावं. पण वर्गात साठ मुलं असतात, त्यातल्या बाकीच्यांना विज्ञान कशासाठी शिकायचं हेच कोणी सांगत नाही, आणि मग ती विज्ञानाला घाबरून तरी राहतात नाहीतर पाठ करून मोकळी होतात.

आणि हे आपल्या भागात व्हावं ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. माझ्या दुकानापासून गाडीवर गेलं की किर्लोस्करवाडी येते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर तो कारखाना काढला, निवडुंग आणि सापांचं रान होतं म्हणतात. त्याच्या आधी ते मुंबईला व्हीजेटीआय ह्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवायला होते आणि बेळगावात सायकलचं दुकान चालवायचे. शिकवणारा माणूस दुकानदार झाला, मग लोखंडी नांगर केला, मग पंप. कर्मवीर अण्णांचंही, म्हणजे भाऊराव पाटलांचंही, तसंच, रयत शिक्षण संस्था काढायच्या आधी ते ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले, म्हणून त्यांना शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं का शिकत नाही ते आतून माहीत होतं. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था सुरू झाली आणि कमवा आणि शिका तिथनंच सगळ्या महाराष्ट्रात गेलं. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग १९६० चं. आपल्या सातारा-सांगलीला हात आणि डोकं बरोबर चालवायची सवय पहिल्यापासून आहे, ती बाहेरनं आणायची गरज नाही.

माझाच धंदा बघा ना. आता मागेल त्याला सौर पंप ही योजना आलीय, शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के, बाकी सरकार भरतं. त्यामुळं रानारानात पॅनेल दिसायला लागलीत. गेल्या उन्हाळ्यात ढवळीकडचा एक शेतकरी सोलरची मोटर घेऊन आला, मोटर चांगली होती, बिघाड कंट्रोलरमध्ये, म्हणजे पॅनेल आणि मोटरच्या मधे बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीत, होता. डबीतली ती प्लेट मी उघडली आणि परत झाकली, कारण ते माझं काम नाही. कंपनीचा माणूस यायला आठ दिवस लागले आणि तोवर त्याची मिरची वाळली. पुढच्या दहा वर्षांत आमच्या तालुक्यात असा कंट्रोलर दुरुस्त करणारी पोरं लागणार आहेत. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा आहे, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे किती पालकांना माहीत आहे? मुलगी डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेली आणि घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती म्हणून स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५० हजार. हे मला मुलीनं शोधून दाखवलं.

असंच तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं. तिथली मशीन बंद पडली की आत लाखोंचा माल असतो, रेफ्रिजरेशनचं काम येणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता गाडी पाठवून आणतात. मिरजेला एवढे दवाखाने, डॉक्टर सगळ्यांना दिसतो, पण एक्सरे काढणारा, लॅबमध्ये रक्त तपासणारा, डायलिसिसचं मशीन चालवणारा हा पण विज्ञान शिकूनच तिथं आलेला असतो. नववीच्या पोराला हे कधी जाऊन दाखवलंय का?

सरकारच्या बाजूनं काहीच नाही असं नाही, उलट भरपूर आहे. पुस्तकात प्रत्येक धड्याला क्यूआर कोड आहे, तो दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात, हे ॲप २०१७ पासून आहे. त्याच वर्षी स्वयम ही साईट सुरू झाली, त्यात नववीपासून पुढचे कोर्स फुकट आहेत. ओलॅब्स म्हणून साईट आहे, अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकनं मिळून केलेली, नववी ते बारावीचे प्रॅक्टिकल स्क्रीनवर करता येतात, मराठीत सुद्धा. इस्रो नववीच्या मुलांसाठी युविका नावाचं शिबिर घेतं, फॉर्म ऑनलाईन, खेडेगावच्या शाळेतल्या मुलांना जादा मार्क, प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रोचा. माझी मुलगी नववीत असताना आम्हाला ह्याची खबरच नव्हती, मुदत संपल्यावर कळलं. हा धक्का मला त्या हप्त्यांपेक्षा जास्त बसला. बारावीनंतरसाठी आयआयटी मद्रासनं २०२० पासून डेटा सायन्सची पदवी ऑनलाईन सुरू केलीय, तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा असते, आठवड्याचा अभ्यास घरून करायचा आणि परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यायची. म्हणजे रानातलं काम बघत बघत सुद्धा पोरगं आयआयटीचं शिक्षण घेऊ शकतं. पण दहावीचं गणित आणि इंग्लिश कच्चं असेल तर ते जमणार नाही, तेव्हा तयारी शाळेतच व्हायला पाहिजे.

मग अडतंय कुठं? माझ्या घराचं सांगतो. तो टॅब वॉरंटी संपल्यावर बंद पडला, आता घरात नेटवाला मोबाईल एकच आणि तो दिवसभर माझ्या खिशात असतो कारण गिऱ्हाईकाचे फोन त्याच्यावर येतात. मी रात्री आठला घरी येतो, साडेआठला मोबाईल मुलीच्या हातात, त्यात धाकट्याला गेम पाहिजे, मिसेसला माहेरी व्हिडिओ कॉल करायचा असतो. मुलीला मिळतात चाळीस मिनिटं, ती पण पाच इंचाच्या स्क्रीनवर. पायथन काय मोबाईलवर शिकायची गोष्ट आहे का. ज्यांची परिस्थिती आमच्यापेक्षा बिकट आहे, ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारी माणसं आहेत, त्यांच्या मुलांचं तर बोलायलाच नको.

आणि इकडं आमच्या भागातल्या एका हायस्कूलमध्ये मी लाईटचं काम करायला गेलो होतो. कम्प्युटर लॅबचं कुलूप उघडलं तर आत बारा कम्प्युटर, सगळ्यांवर प्लास्टिकची कव्हरं, कव्हरांवर धूळ, फक्त एक चालू ज्याच्यावर क्लार्क शाळेची ऑनलाईन माहिती भरतात. मी बोर्ड दुरुस्त केल्यावर चालू करून बघितले, बारापैकी नऊ सुरू झाले. दोघांना कीबोर्ड नव्हता आणि एक बंद होता. पाच वाजता शाळा सुटली, शिपायानं कुलूप लावलं. मला तिथंच माझ्या मुलीची ती चाळीस मिनिटं आठवली.

माझी मागणी एवढीच आहे. जिल्ह्यातल्या ज्या ज्या हायस्कूलमध्ये लॅब आहे ती शाळा सुटल्यावर रोज दोन तास आठवी ते बारावीच्या मुलांसाठी उघडी ठेवा, आणि फक्त त्या शाळेच्या नाही तर शेजारच्या वाडीवस्तीवरच्या मुलांना पण येऊ द्या. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आलीय, तिच्यासाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्रीडी प्रिंटर आहे, सेन्सर आहेत, अर्डुइनोचे बोर्ड आहेत, त्या तर पहिल्यांदा उघडा.

खर्च काय येईल ते मी माझ्या धंद्याच्या हिशेबानं काढलंय. दहा कम्प्युटर, एकाला दीडशे वॅट धरा, दीड किलोवॅट, दोन तासाचे तीन युनिट. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे ७५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेसातशे. एवढे पैसे गावातल्या एका मंडळाच्या वर्गणीतनं सहज निघतात, ग्रामपंचायतीला तर काहीच नाही. नेटची अडचण सांगतील, तर फेटचे प्रयोग आणि स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ एकदा डाउनलोड करून ठेवले की नेट लागत नाही, पेनड्राईव्हनं सगळ्या मशीनवर टाकता येतात. घाटमाथ्यावरच्या आणि जतकडच्या शाळांना जिथं रेंजच नाही तिथं हे फार उपयोगाचं आहे.

शिक्षकांवर आधीच कामं खूप आहेत, निवडणूक, सर्व्हे, ऑनलाईन माहिती, त्यांनी रात्रीपर्यंत बसावं असं मी म्हणणार नाही, त्यांना पण घर आहे. बसायला गावातलीच डिप्लोमाची, आयटीआयची, बीएस्सीची पोरं आहेत. कॉलेजला एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तास सेवा करायची असते, त्यातले काही तास इंजिनिअरिंगच्या मुलांनी अशा लॅबमध्ये दिले तर प्राचार्यांनी ते धरावेत. माझा पुतण्या काही मोठा तज्ज्ञ नाही, पण मुलीला पुढचं पाऊल दाखवण्याइतकं त्याला येत होतं आणि तेवढंच लागतं.

मुलींचं काय हा प्रश्न माझ्या मिसेसनंच काढला. अंधार पडल्यावर मुलीला वस्तीवर एकटी कोण सोडेल. ते बरोबर आहे. हिवाळ्यात पाच ते साडेसहा ठेवा, एका बाजूच्या मुली एकत्र निघतील, आणि रोज दोन पालकांची पाळी लावा, एक आई असलीच पाहिजे. आई तिथं बसली तर ती पण दोन गोष्टी शिकेल. कोण म्हणेल की कम्प्युटर दिले की पोरं गेम खेळतील. खेळतील की. पण मोठं माणूस शेजारी असलं आणि रोज एक काम पुरं करून वहीत लिहायचं असा नियम असला तर तो प्रश्न राहत नाही, घरात एकट्याच्या हातात मोबाईल देण्यापेक्षा तर ते शंभर पटीनं बरं.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शनिवारी एक तास कम्प्युटर बंद ठेवून गावातल्याच एखाद्या कामाच्या माणसाला बोलवा. ड्रिपवाला, ट्रॅक्टरचा मेकॅनिक, कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर, दूध संघात फॅट काढणारी ताई, दवाखान्यातला लॅब टेक्निशियन. त्यानं आपलं मशीन किंवा हत्यार घेऊन यायचं आणि मुलांनी विचारायचं, हे असंच का? त्याला उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर सोमवारी मुलांनी ते ऑनलाईन शोधायचं आणि पुढच्या शनिवारी त्यालाच सांगायचं. माझ्या मुलीचं असंच झालं.

शिक्षणाधिकारी साहेबांनी आणि संस्थाचालकांनी एका तालुक्यात चार शाळांत तरी हे सहा महिने करून बघावं ही विनंती. आमच्या तालुक्यात सुरू झालं तर पहिल्या शनिवारी मी यायला तयार आहे. दुकानात गिऱ्हाईकानं न नेलेल्या दोन जुन्या मोटरी पडून आहेत, त्या मी शाळेला कायमच्या देतो. एक पूर्ण मोकळी करून, २४ स्लॉट मोजता येतील अशी, आणि दुसरी भरून, चालू. जुनी मिक्सरची मोटर पण आणतो, ब्रशवाली, म्हणजे पुस्तकातली आकृती पण त्यांना हातात घेता येईल. मी बोर्ड दुरुस्त केलेल्या त्या लॅबमधली नऊ मशीन चालू आहेतच, बंद पडलेल्या एकाची पॉवर सप्लाय मी बघून देतो, त्याचे पैसे नकोत. दोन कीबोर्ड तेवढे कोणी द्यावेत.

आपला,
मोटर रिवाइंडिंग दुकानदार आणि दहावीतल्या मुलीचा बाप,
ता. पलूस, जि. सांगली